आज मावशीला स्तोत्र पूर्ण वाचून दाखवलं

मंडळी, दुपारपासून स्वतःचीच लाज वाटून राहिली आहे, म्हणून इथं लिहितो.

आज अकोल्यात मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिला वाचता येत नाही. ती आत जायच्या आधी मी बायबलमधलं तिचं आवडतं स्तोत्र वाचणार होतो. पण अमरावतीहून येताना मूर्तिजापूरला शकुंतला या बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे जुने रूळ बघायला उतरलो आणि गाडी सुटली. पोचलो तेव्हा तिच्या डोळ्यावर पट्टी होती.

"मावशी, चुकलंच माझं."

"तुह्यी वाट पाहिली, मंग मीच म्हटलं. पाठ आहे मले. लहानपणी तूच तं रोज वाचून दाखवत होता. आता आला तं वाच."

मी वाचलं. शेवटी देव पिढ्यानपिढ्या आपल्या शब्दाला जागतो अशी ओळ आली, तशी ती म्हणाली, "हे कुठून आणलं? हे तं त्याच्यात नाही."

ओळ पहिल्यापासून होती. खेळायला पळायच्या घाईत मीच ती रोज गाळायचो. हे मी तिला सांगून टाकलं.

ती हसली. "लबाडा! तू वाचलं नाही म्हणून देवानं मले सोडलं काय? वाच पुन्हा, सावकाश."

वाचलं, आणि जरा शांत वाटलं. पण मावसाजी वारले तेव्हाही तिनं ती ओळ नसलेलंच स्तोत्र म्हटलं होतं. हे काही डोक्यातून जात नाही.

तुमच्या हातून घरच्या कोणाचं असं काही राहून गेलंय का? तुम्ही त्यांना सांगितलं का?