चंपामामींनी ओतलेलं पाणी

कोंडीराममामा चालवायचे ती शाळेची बस बंद झाली आणि त्यांचा उजवा पाय बेकार झाला. वरळीच्या बीडीडी चाळीत, आमच्या शेजारच्या खोलीत, ते कॉटवर बसून टीव्ही बघायचे आणि मालिकेत कुणी रस्ता ओलांडायला लागलं की ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबायचे. कॉटखालचं स्टूल त्यातच मोडलं, असं चंपामामींचं म्हणणं.

मी वडाळ्याच्या एका कंपनीत इंजिनीअर आहे. आम्ही मोटरहोम बनवतो. मोठ्या व्हॅनमध्ये पलंग, ओटा, मोरी, सगळं. मामींनी पहिल्यांदा आत डोकावलं आणि म्हणाल्या, "आपलीच खोली आहे. चाकं तेवढी जास्त."

आमचे मालक यशोधन पर्यटकांसाठी एक जोडपं शोधत होते. नवऱ्याने गाडी चालवायची, बायकोने नाश्ता करायचा. मी या दोघांचं नाव दिलं. यशोधनना मामांच्या वयाची धास्ती, म्हणून गिरगाव चौपाटीपर्यंत ट्रायल ठरली. गाडी नीट पोचली तर नोकरी.

आम्ही चौघं निघालो तेव्हा मामा शेजारी बसलेल्या यशोधनना म्हणाले, "हात खिडकीबाहेर काढायचा नाही." बसची सवय. यशोधननी मुकाट्याने हात आत घेतला.

सुरुवात झकास झाली. मेट्रोच्या बॅरिकेडमधून मामांनी गाडी अंग चोरून काढली. पाणी साचलेला खड्डा दिसला की तो विहीर आहे असं समजून वळसा घालत. केबलच्या लोंबत्या वायरी आल्या की स्वतःची मान खाली घालत, जणू गाडीचं छत त्यांच्याच डोक्यावर होतं.

घोटाळा झाला परळचा पूल उतरताना. खाली सिग्नल लाल झाला, मामांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली. पण पुढच्या टॅक्सीला जवळजवळ टेकून. पाठोपाठ मागून एक लाट आली आणि यशोधनचे बूट भिजवून गेली.

मामांनी गाडी कडेला घेतली, चारी इंडिकेटर लावले आणि मागे गेले. मोरीत दोन पिंपं, पलंगाखाली बादल्या, ओट्यावर पातेली, कुकर, बर्फाचा डबा, चहाची किटलीसुद्धा, सगळं काठोकाठ. वडाळ्याच्या यार्डात मामींना नळ सापडला होता. पाण्याला जोर होता आणि मागे रांग नव्हती. असा योग त्यांच्या आयुष्यात कधी आला नव्हता. गाडीची पाण्याची टाकी मी भरली होती, ती वेगळीच.

एका लिटरला एक किलो, असं मी समजावत राहिले. यशोधन म्हणाले, हळू चालवा, चौपाटी काही लांब नाही. मामांनी मान डोलवावी असं मलाही वाटलं, कारण दुसरा रस्ता, वजन कमी करायचा, मामींच्या वाटेला जाणारा होता. त्या तांदळाचं धुवणही तुळशीला घालतात.

"साहेब, अजून उतार आहेत," मामा म्हणाले. "एवढं वजन घेऊन मी उतरणार नाही. नोकरी नका देऊ." मग वळले. "चंपा, पाणी ओत."

"आलेलं पाणी? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? उद्या नाही आलं तर?"

"उद्या आपणच नसू. त्या टॅक्सीच्या डिकीत असू."

मामी उतरल्या, पण गटारात थेंब जाऊ दिला नाही. आधी दुभाजकावरची झाडं, मग वडेवाल्याचं पिंप, मग टॅक्सीवाल्यांच्या काचा. तेवढ्यात टँकर आला अशी बातमी पसरली आणि समोरच्या चाळीतून बायका हंडे घेऊन धावल्या. मामींनी त्यांना रांगेत उभं केलं, मध्ये घुसणारीला मागे पाठवलं. बादल्या उतरवून देणाऱ्या यशोधनना एकीने विचारलं, "उद्या किती वाजता येणार?"

"सध्या ट्रायल आहे," यशोधन म्हणाले.

हलकी झालेली गाडी उरलेले उतार अलगद उतरली. चौपाटीला यशोधननी ओले मोजे पिळले आणि म्हणाले, "सोमवारपासून या. दोघंही."

आता घाट उतरायच्या आधी मामा गाडी थांबवून विचारतात, "चंपा, पाणी किती?"

"तांब्याभर," मागून उत्तर येतं.

मामा खाली उतरून मागच्या दबलेल्या टायरकडे बघतात आणि कुकर उघडायला सांगतात.