तुंब्यांवरची चुन्याची बोटं

आजी सून होऊन अमडापूरला आली तेव्हा नऊ वर्षांची होती. ओटीत डोणगावच्या, तिच्या माहेरच्या ज्वारीचं मूठभर बियाणं होतं. लेक सासरी निघाली की आईनं ते तिच्या ओटीत घालायचं, अशी त्यांच्याकडे रीत. आजीनं साठाहून अधिक वर्षं ते दरसाल शेतातल्या दोन तासांत, दोन ओळींत पेरलं, राखेत घोळून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरलं. आजोबा प्लेगात गेले, दोन मुलगे गेले, त्या वर्षीही पेरलं. दोन लेकींना दिलं. एकीच्या घरी ते किडलं, दुसरी पहिल्याच बाळंतपणात गेली. आता द्यायला उरले मी, तिची नात, आणि माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं.

मी नागपूरच्या इंग्रजी शाळेत, बोर्डिंगात राहत असे. तिथे प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आढ्याला टांगलेले आजीचे अकरा तुंबे उतरवले, ओल्या फडक्यानं पुसले आणि सुबक इंग्रजी अक्षरांत चिठ्ठ्या डकवल्या: ज्वारी, ज्वारी, तूर, ज्वारी. कुणाला विचारलं नाही. विचारायला बोलावं लागतं, आणि मी घरात फारशी बोलत नसे.

आजीला तेव्हा दिसत नव्हतं. कोणत्या तुंब्यात कोणतं बियाणं हे कळावं म्हणून तुंब्यावर चुन्याची बोटं उमटवून ठेवायची तिची पद्धत होती. वाळलेला चुना हाताला लागे. पेरणीआधी तिनं तुंबा मांडीवर घेतला, बोटं फिरवली, पुन्हा फिरवली.

"कोनं पुसले हे?"

"मी, आजी. घाण झाले होते."

"घान नव्हती व माय ते."

काकू उंबऱ्यातून म्हणाली, "असू द्या ना आत्याबाई, दाना तं दानाच. मडमीनबाईनं धुतले, आता जवारी अंग्रेजीत उगवंन!"

सगळे हसले. मीही हसले. आजीनं दोन दाणे दाताखाली फोडले, चवीवरून कळेना तशी मान हलवली.

म्हणाली, "समदेच पेरा. डोनगावच्या कनसाची मान वाकडी आली का वयखतो मी."

सगळे पेरले, असं घरच्यांनी तिला सांगितलं.

दिवाळीला मी घरी आले तेव्हा तिनं शेतात जायला बैलगाडी जुंपायला लावली. मी तिचा हात धरून तासातासातून हिंडले. ती ज्वारीचं ताट वाकवून कणीस चाचपायची आणि सोडून द्यायची. सगळी सरळ. ऊन डोक्यावर आलं तरी थांबेना. शेवटी बांधावर बसलेली काकू हळूच म्हणाली, "एक तुंबा उरला होता, आत्याबाई. श्रावनात पीठ सरलं तं जात्यावर दयला. मले काय मालूम?"

आजीनं हातातलं ताट सोडलं.

"म्हंजे खाल्लं आपन," ती म्हणाली.

मीही खाल्लं असेल का, हे मी मनात मोजून पाहिलं. श्रावणात मी नागपुरात होते. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून गेलेली नाही.

घरी आल्यावर तुंबे कुठे आहेत हेसुद्धा तिनं विचारलं नाही. पौषात ती गेली. माझं चुकलं, एवढं म्हणायला मला दोन महिने मिळाले होते. लग्नासाठी मला दिवाळीनंतर शाळेत परत पाठवलं नव्हतं; रोज तिच्या खाटेशी बसून मी पुस्तक वाचत होते.

फाल्गुनात माझं लग्न झालं. आईनं ओटीत मूठभर ज्वारी घातली, बाजारातून आणलेली. बुलढाण्याला सासरी पोचल्यावर सासूबाईंनी विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, काही नाही, दळणात टाका.