दिपालीची सीट

भाजी संध्याकाळपर्यंत संपते. किस्से संपत नाहीत. सकाळी मेथीच्या जुड्या मांडताना एक निघतो, दुपारी चहासोबत त्याला दुसरा चिकटतो, आणि घरी जाताना टोपली रिकामी असली तरी डोकं भरलेलं असतं.

त्यात आमची बैठक डोणगावच्या बसथांब्याजवळ. मी तिथं भाजी विकतो. बाजूला गजाननची चहाची टपरी, आणि टपरीच्या बाकावर रामभाऊ. रामभाऊ एसटीत कंडक्टर होता. नोकरी सुटली, घंटी सुटली नाही! कुणी फार बोलायला लागलं की तो चमच्यानं ग्लासावर एकदा वाजवतो. टिंग! म्हणजे थांब. बोलणं पटलं तर दोनदा. टिंग टिंग! म्हणजे जाऊ दे गाडी.

माझ्यासाठी त्याला थांबायची घंटी कधी वाजवावी लागली नाही. मी मुळात बोलतोच कमी. पण यंदा माझी नात दिपाली बारावी झाली, इंजिनीअरिंगची परीक्षा तिनं दिली, आणि पुढं प्रवेशाच्या फॉर्मात कॉलेजं किती भरायची, हा एकच विषय आमच्या बाकावर बसून राहिला. तेव्हाचे हे किस्से.

*

निकाल लागला त्या दिवशी मी दुकानावरच होतो. दिपाली धावत आली आणि कानात म्हणाली, “आबा, नव्व्याण्णव!”

मी चौथी शिकलेला माणूस. पण नव्व्याण्णवाच्या पुढं शंभरच असतात, एवढं मला कळतं.

तेवढ्यात एक बाई आल्या. “मेथी कशी दिली बाबा?”

मी म्हणालो, “नव्व्याण्णव.”

“नव्व्याण्णव रुपये जुडी? सोनं लावलं काय हो हिले!”

“नाई हो बाई. नातीले पडले.”

बाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या दोन जुड्या जास्त घेऊन गेल्या. दिपाली मला चार वेळा सांगत होती, “आबा, टक्के नाही, पर्सेंटाइल म्हणायचं.” मी म्हणालो, “तुझं तू म्हण. मले गिऱ्हाइकाले समजन असं सांगू दे.”

*

मग ती म्हणाली, “आता चांगली सीट मिळाली पाहिजे.”

सीट हा शब्द ऐकला आणि रामभाऊ बाकावर सरळ झाला. “सीटचं मले विचार पोरी! सारी जिंदगी सीटातच गेली माही.”

आमच्याकडं गाडी आली की माणूस आधी चढत नाही, आधी त्याचा रुमाल चढतो. खिडकीतून रुमाल टाकला की सीट धरली. मग दारातल्या गर्दीतून सावकाश जा, कुणी बसणार नाही. हा सगळ्यांनी मानलेला कायदा आहे. रामभाऊनं त्यातले बारकावे सांगितले: टोपी रुमालापेक्षा भारी, कारण टोपीला मालक आहे हे लांबून दिसतं. पिशवी भरवशाची नाही. नेणारे पिशवीच नेतात.

दिपाली हसत म्हणाली, “आणि आबा काय टाकायचे?”

“तुहा आबा?” रामभाऊ म्हणाला. “त्यानं जिंदगीत रुमाल नाई टाकला! हा खिडकीजवळ येऊन विचार करे, कोणाच्या आंगावर पडन काय म्हणून. तोवर गाडी फुल! माह्या गाडीत हा मेहकरापर्यंत दांडा धरूनच आला.”

खोटं नव्हतं ते.

*

आता प्रश्न असा, की फॉर्मात कॉलेजं किती लिहायची.

माझा मुलगा संतोष, दिपालीचा बाप, म्हणाला, “एकच. बुलढाण्याचं. तिथं तिचा मामा आहे. दुसऱ्याचं नाव नाई काढायचं.”

गजानन चहा गाळता गाळता थांबला. त्याची तीन एकर पऱ्हाटी आहे. “एक? अरे संतोष, आपण कपाशी टोबतो तं एका जागी एकच दाना टाकतो काय? एक पाखराचा, एक किड्याचा, एक आपला. कमीत कमी तीन!”

रामभाऊनं ग्लासावर एकदा वाजवलं. “बरं. मंग पाखराले कोणतं कॉलेज देता?”

गजाननचा चहा त्या दिवशी उतू गेला.

*

फॉर्म भरायच्या दुकानात दिपालीला कुणीतरी सांगितलं, की शंभराच्या वर कॉलेजं भरता येतात, भरून टाक. ती ते बाकावर सांगायला आली आणि रामभाऊनं लगेच एक माणूस आणला. म्हणजे गोष्टीतला.

मेहकरच्या स्टँडवरचा. बायको-पोरांना घेऊन लग्नाला निघालेला. गाडी लागली तशी त्यानं पहिल्या खिडकीतून रुमाल टाकला, दुसरीतून टोपी, तिसरीतून पिशवी. चौथ्या खिडकीपाशी आला तर हातात काही उरलं नाही. काढली पायातली चप्पल, दिली आत टाकून!

“मंग?” दिपालीनं विचारलं.

“मंग काय! चार सीटा धरल्या, अन् दारात एवढी गर्दी का त्याले चढताच नाई आलं. म्या डबल बेल मारली. त्याची टोपी लग्नाले गेली, तो नाई गेला!”

आम्ही पोट धरून हसलो. दिपाली मात्र हसता हसता बोटांवर काही मोजू लागली. मग म्हणाली, “रामभाऊआबा, इथं जास्त भरल्यानं गाडी सुटत नाही. पण जिथं बसायचंच नाही तिथं चप्पल कशाला टाकायची? नंबर लागला तर मी हसत जाईन, तेवढीच भरते.”

ती सात निघाली.

रामभाऊनं दोनदा वाजवलं. आपल्याच गोष्टीवर दुसऱ्याला डबल बेल देताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

*

सातची नावं तिनं घरी वाचून दाखवली. माझी बायको यमुना ज्वारी निवडत होती. स्थळ ऐकावं तसं तिनं एकेक नाव ऐकलं. तिचा सवाल एकच.

“पाणी कसं आहे तिथलं?”

“अगं आजी, मी शिकायला चालली.”

“म्या तुह्या आत्याले देताना आधी त्याइची विहीर पाह्यली, मंग नवरदेव. विचार तू.”

आजीपुढं कुणाचं चालतं? दिपालीनं आमच्यासमोर पुण्याच्या सरकारी कॉलेजच्या होस्टेलला फोन लावला. आवाज मोठा ठेवला. “मॅडम, तुमच्याकडं नळ कितव्या दिवशी येतो?”

तिकडून बाई म्हणाल्या, “कितव्या दिवशी म्हणजे? रोज असतं की पाणी!”

यमुनाच्या हातातलं सूप थांबलं. आमच्या गल्लीत नळ आला की लोक लग्नघर असल्यासारखे धावतात.

“रोज?” ती म्हणाली. “मंग इचार कायचा करता? भरून टाका ते!”

*

एवढं सोपं मात्र नव्हतं. दिपालीनं सांगितलं, की पहिल्या नंबरावर लिहिलेलं कॉलेज मिळालं की सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे पक्की. मग पुढच्या फेऱ्या नाहीत, बदल नाही.

रामभाऊनं त्यातलं निम्मंच ऐकलं, आणि जेवढं ऐकलं तेवढं गावभर सांगितलं. चार दिवसांनी दुसरबीडहून माझ्या साडूचा फोन आला.

“अभिनंदन हो! पोरीच्या हुशारीवर कॉलेजवाले फ्रीज देऊन राह्यले म्हणे?”

मी समजावणार, तोवर त्यांचा पुढचा सवाल आला.

“किती लिटरचा?”

*

हसलो, पण तो फ्रीज माझ्या मनातून जाईना. कारण संतोष सातला कबूल झाला होता, पण एका अटीवर. पहिलं नाव बुलढाण्याचं. दिपालीच्या मनात पुणं होतं. ती बापाला उलटून बोलली नाही. नुसती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं, बाबा.” आणि त्या दिवशी जेवली नाही.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी संतोष तिला घेऊन थांब्यावर आला. तिचा मोबाइल त्याच्या हातात होता.

रामभाऊ म्हणाला, “संतोष, बुलढाण्याची गाडी पहिली लावशीन, तं एवढ्या मार्कावर ती सीट फ्रीजच झाली समज. मंग पुण्याची गाडी पोरीकडं पाहणार नाई.”

“काका, पुणं लांब आहे. तिथं तिले कोण आहे आपलं?”

“अन् कॉलेज?”

“कॉलेज चांगलं आहे. म्या कधी नाई म्हटलं?”

गजाननचा स्टोव्ह तेवढा बोलत होता. मी वांगी पुसत होतो. बोलावं की नाही हे ठरवायला मला वेळ लागतो. पण या खेपेला गाडी फुल होऊ द्यायची नव्हती.

मी म्हणालो, “संतोष, तू लहान होता तवा आपण मेहकरच्या बाजाराले जाऊ. तू दरवेळी म्हणे, बाबा, खिडकीजवळ बसू. एक डाव तरी बसवलं काय म्या तुले?”

त्यानं मान हलवली, नाही म्हणून.

“उभं राहाची सवय आपल्याले आहे,” मी म्हणालो. “तिले कायले लावतं?”

संतोषनं मोबाइल पुढं केला. मग दिपालीला म्हणाला, “हे पुणं वर कसं नेतात? दाखव बरं.”

तिनं दाखवलं. पण बोट त्यानं लावलं.

*

पुण्याचाच नंबर लागला.

जायच्या दिवशी सकाळी सगळे थांब्यावर. संतोष पोचवायला जाणार होता. दोघांचं रिझर्वेशन, तिकिटावर सीटचे नंबर छापलेले. ते मला संतोषनं सांगितलं होतं, रामभाऊनं सांगितलं होतं, यमुनानंही सांगितलं होतं.

पण गाडी आली, लोक दाराकडं धावले, आणि माझे पाय खिडकीकडं गेले. खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि दिला आत भिरकावून! “दिपालीची सीट!” मी ओरडलो. एवढ्या मोठ्यानं मी कधी ओरडल्याचं यमुनालाही आठवत नाही.

आतून एक बाई ओरडल्या, “कोणाचा हो हा दुपट्टा? तोंडावर पडला माह्या!”

“अरे, रिझर्वेशन आहे ना बे!” रामभाऊ हसून हसून खाली बसला.

दिपाली चढली. तिनं त्या बाईंची माफी मागितली, दुपट्टा उचलला, माझ्याकडं पाहिलं आणि तो मांडीवर घेऊन खिडकीजवळ बसली. कंडक्टरनं घंटी दिली. दुपट्टा पुण्याला गेला.

आठवड्यानं गजाननच्या मोबाइलवर तिचा फोटो आला. मोठी खोली, ओळीनं बाकं. पहिल्या बाकावर ती बसलेली. शेजारची जागा रिकामी, आणि तिथं माझा दुपट्टा पसरलेला. खाली काही लिहिलं होतं. माझा चष्मा घरी होता, म्हणून रामभाऊनं वाचलं.

“आबा, तुमची सीट धरून ठेवली.”

गिऱ्हाईक मेथी विचारत होतं. मला भाव आठवेना. रामभाऊनं मोबाइल परत दिला, टपरीवरचा चमचा उचलला आणि माझ्याकडं न बघता ग्लासावर दोनदा वाजवलं.