सहा कफनांचा एकच धनी

कफनाचं पांढरं सुती कापड, लठ्ठा, घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मी पायरीवरच ओळखते. ते भाव करत नाही आणि दुसरा गठ्ठा दाखवा म्हणत नाही. इकडे हिंदी मुलखात, पंडरीच्या बाजारात, आमचं कापडाचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून गल्ल्यावर मीच बसते. साडीच्या काठावरून अर्धा दिवस खाणाऱ्या बायका पाहून माझं डोकं असं उठतं की वाटतं, सगळ्यांनी लठ्ठाच न्यावा, निदान शांतता तरी मिळेल.

बशारतमियाँ आमच्या ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसायचे. मूळचे कामठीचे, राहायला मौदहापाऱ्यात; इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात. मराठी आमच्यासारखीच, मले-तुलेवाली. आमच्या ब्राह्मणपाऱ्यातली पोट्टी घरात मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. बशारतमियाँ मात्र माझ्याशी कधी हिंदी बोलले नाहीत. माणूस भलता भित्रा. चौकात पोलिसाची गाडी दिसली की त्यांचं मशीन आपोआप थांबायचं. गाडी गेली की पुन्हा सुरू. मी चिडवायची, "मियाँ, तुमच्या मशीनचं बटन काय ठाण्यात आहे का?"

त्यांचं आणखी एक काम होतं. मोहल्ल्यातल्या लोकांची कफनं तेच करून देत. पुरुषाला तीन कापडं, बाईला पाच. कात्रीने कडेला एक चीर द्यायची आणि पुढचं हाताने फाडायचं. तो फाडण्याचा आवाज दुकानभर जायचा आणि गिऱ्हाइकं बोलता बोलता थांबायची. त्यांच्याकडे कोणी उमऱ्याच्या यात्रेला निघालं की शेजारीपाजारी आपापली कफनं बरोबर देतात. तिथे ती जमजमच्या पवित्र विहिरीच्या पाण्यात भिजवून, वाळवून परत आणायची आणि पेटीत जपून ठेवायची. म्हणजे माणूस जिवंत, आणि त्याचं कफन तयार. अशा वेळी मियाँचा एक नियम होता. माप सांगायचं, नाव सांगायचं नाही.

"जित्या माणसाचं नाव कफनावर घेतलं, तर ऐकणारा ऐकते," ते म्हणायचे. त्यांच्या आईने एकदा असं नाव घेतलं होतं म्हणे, जावेचं, नुसता ताप आलेल्या बाईचं. पुढचं ते सांगत नसत.

"मग रेशनच्या दुकानात नाव पुकारतात, तेव्हा लोक काहून मरत नाहीत?" मी विचारलं होतं.

"रेशनचा तांदूळ कोणी अंगावर पांघरत नाही ना, दीदी."

मला गप्प बसवणारी माणसं पंडरीत फार नाहीत.

सफूराबी त्यांची बायको. तिची किडनी गेली होती. उमऱ्याला तिलाच जायचं होतं, पण डॉक्टरांनी हात वर केले. तेव्हा तिने नवऱ्याला जबरदस्तीने पाठवलं. "मी नाही तर माझं कापड तरी जाऊन येईल," म्हणाली. लठ्ठा माझ्याच दुकानातून गेला. एक सफूराबीचं, एक त्यांचं स्वतःचं, चार शेजाऱ्यांची, अशी सहा कफनं मियाँनी ओट्यावर बसून फाडली आणि त्याच कापडाच्या पट्टीने एकेक बांधलं. तेवढं घेऊन हा भित्रा माणूस जन्मात पहिल्यांदा विमानात बसला.

नवतपा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातले नऊ सर्वात तापलेले दिवस, चालू होता. दुपारची वेळ. लाइट गेलेले, लूचा गरम वारा आत येऊ नये म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं, दुकानात गिऱ्हाईक नाही. फोन वाजला. परदेशातून येताना मियाँ ज्या विमानतळावर उतरणार होते, तिथून होता. विमानतळाचं नाव सांगत नाही. माणसं सगळीकडे सारखीच.

"मॅडम, बशारत अली को जानती हैं?" कस्टमचा साहेब बोलत होता. आवाज तापलेला नव्हता, उलट मऊ होता. मला मऊ आवाजाचीच भीती वाटते. "इनके पास छह कफन हैं. कहते हैं कपड़ा आपकी दुकान का है."

"माझ्याच दुकानाचं आहे," मी हिंदीत सांगितलं. "का, लठ्ठ्यावर बंदी आली का?"

तो हसला नाही. कापड कडक लागतंय म्हणाला. हल्ली लोक सोन्याची भुकटी कापडात जिरवून आणतात. शिवाय माणूस घाबरलेला आहे, सारखा घाम पुसतोय. मला संताप आला. त्याच विमानातून दारूच्या बाटल्या आणि दोन दोन टीव्ही घेऊन लोक शीळ घालत बाहेर गेले असतील. दाढी-टोपीवाल्या म्हाताऱ्याला मात्र खोलीत घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि घाबरलेला आहे म्हणे. तो तर ट्रॅफिकवाल्यालाही घाबरतो.

"ठीक है," साहेब म्हणाला. "आप बताइए, ये छह कफन किस-किस के हैं? ये बोल नहीं रहे."

लठ्ठा न्यायला सगळे माझ्याच दुकानात आले होते, म्हणून मला सहाही नावं ठाऊक होती. जीभ उचललीच होती. तेवढ्यात फोनमधून, लांबून, मियाँचा आवाज आला. "दीदी." फक्त तेवढंच. एवढ्या वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता.

मी म्हणाले, "कापड माझं. कोणाचं ते त्यांना विचारा."

साहेबाने विचारलं. मग मियाँ म्हणाले, "मेरे हैं."

"छह के छह?"

"हव साहब."

"एक आदमी को छह कफन?"

खोलीत कोणीतरी हसलं आणि लगेच हसायचं थांबलं. साहेब म्हणाला, मग एकेकावर हात ठेवून नाव सांग, आम्ही मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून घेतो. माझा फोन बंद करायचं त्यांना भान राहिलं नाही. मी इकडे अंधाऱ्या दुकानात लठ्ठ्याच्या गठ्ठ्याला टेकून उभी, आणि तिकडे मियाँ बोलत होते. "बशारत अली." पाऊल सरकल्याचा आवाज. "बशारत अली." पुन्हा पाऊल. सहा वेळा. एका नावाला जरा थांबले. ते कोणाचं कफन असेल, ते मला कळलं. मग तिथेही त्यांनी आपलंच नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घ्यायला मी स्वतः आमच्या गावच्या माना विमानतळावर गेले. बॅग त्यांनी मांडीवर घेतली, डिकीत ठेवू दिली नाही. तेलीबांध्याचा तलाव मागे पडला तेव्हा कुठे ते बोलले.

"खोलीले खिडकी नव्हती, दीदी. त्यांनी सगळी कफनं उकलली. टेबलावर, खुर्च्यांवर, खाली फरशीवर, पूर्ण लांब करून पसरली. वरून एसीची हवा लागे. कापड उचलल्या जाये, खाली बसे. उचलल्या जाये, खाली बसे. सहा जण निजून श्वास घेऊन राहिले, असं वाटे. साहेबही मग मधून चालेना. भिंतीच्या कडेकडेनं जाये."

"मग सोडलं कसं?"

"कसल्या तं पट्टीनं पुसून पाहिलं, मशीनमध्ये टाकली. काही निघालं नाही. सॉरी बोलले. एकानं घडी कराले मदतही केली." थोड्या वेळाने म्हणाले, "एवढी वर्षं झाली, कोणी मले नाव विचारलं की भेव वाटे. काल तं मीच आपलं नाव देऊन आलो. सहा डाव."

"जिवावरचं शेपटावर गेलं म्हणायचं," मी म्हणाले.

पण ते तेवढ्यावर निभावलं नव्हतं. मियाँनी शेजाऱ्यांना खरं ते सगळं सांगितलं. लपवायचा स्वभाव नव्हता. चारही घरांनी चहा पाजला, गळाभेट घेतली, आणि कफन घेतलं नाही. "तुमच्याकडेच राहू द्या मियाँ, आमचं काय, दुसरं करू." ज्या कापडावर दुसऱ्याचं नाव पडलं, ते अंगावर घ्यायला कोणी तयार होईना. मशिदीतले मौलवी चिडले. धर्मात असलं काही नाही, कापड म्हणजे कापड, असं त्यांनी भरल्या लोकांत सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. कफनं पत्र्याच्या पेटीतच राहिली.

त्यानंतर मियाँ बदलले. शिवता शिवता मशीन थांबायचं, आणि चौकात पोलीस नसायचे. ते खाली वाकून टाचेकडे पाहायचे.

"काय झालं?"

"काही नाही. कोणीतरी माप घेऊन राहिलं."

टाचेला दोरा टेकतो, म्हणाले, आणि मग पाठीवरून सरळ टाळूपर्यंत जातो. संपला की पुन्हा टाचेपासून. त्यांच्या मागे ओट्याची कोरी भिंत होती, आणि त्यांनी मान हळूच वर केली, मापाला उभ्या राहिलेल्या माणसासारखी. मी गल्ल्यावर जाऊन बसले आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. भिण्याची लाज काय धरायची? मी भ्याले.

थंडी पडायला लागली तेव्हा सफूराबीचं दुखणं वाढलं. दवाखान्याने घरी न्या म्हणून सांगितलं. मी मौदहापाऱ्यात गेले. दुपारचं ऊन खाटेवर आलं होतं. ती एवढीशी झाली होती. मी आले म्हणून दोघं मराठीत बोलू लागली. माझ्यासमोर ती नेहमीच तसं करत, पाहुणीला परकं वाटू नये म्हणून.

"दीदी, माझं कापड काढा जरा," सफूराबी म्हणाली. "पाच कपड्यांचं."

मी पेटी उघडली. वास आला तो नव्या लठ्ठ्याचाच, मला रोजचा. पाच कापडांची गठडी काढून तिच्या उशाशी ठेवली. मियाँ दारातच उभे होते.

"ते तुझं नाही," ते म्हणाले. "ते माझ्या नावावर गेलं. दीदीच्या दुकानातून दुसरं आणतो."

"दुसरं नको मले. जमजमचं पाहिजे. याच्यासाठीच तं तुमाले पाठवलं."

"समजून घे. माझं नाव पडलं त्याच्यावर."

"मग माझं पाडा."

मियाँना काय वाटत होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. ती अजून श्वास घेत होती. जिवंतपणी नाव घेतलं, तर त्यांनीच तिला धाडल्यासारखं होणार. आणि घेतलं नाही, तर जिने एवढ्या आशेने पाठवलं ती परक्या कापडात जाणार. मी म्हणाले, "मौलवी म्हणाले ना, असं काही नसतं." माझं मलाच ते खरं वाटलं नाही.

सफूराबी माझ्याकडे पाहून हसली. "दीदी, तुमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेतात ना, लग्नात? सगळ्यांसमोर, अडवून अडवून?"

"घेतात. उखाणा म्हणतात त्याला."

"आमच्यात यांनी मले कधी नावानं हाक नाही मारली. मोठ्यांसमोर मारत नाहीत, मग सवयच लागली. पोट्टं असतं तं त्याची अम्मी म्हटलं असतं. तेही नाही. जिंदगीभर 'ऐकून राहिली का, ऐकून राहिली का.'" तिला धाप लागली. मी पाणी दिलं, तिने ओठ ओले केले. "तिकडं साहेबासमोर सहा डाव आपलं नाव घेतलं. मले वाचवाले घेतलं, मले समजते. आता मले नाही वाचाचं. आता माझं घ्या."

मियाँ खाटेपाशी येऊन खाली बसले. टाचेकडे पाहिलं नाही, मागे पाहिलं नाही. कापडावर हात ठेवला. घडीची कड सारखी केली, ती वाकडीच राहिली. इतक्या वर्षांत मी त्यांच्या हातची एक टीप वाकडी पाहिली नव्हती.

"सफूरा," ते म्हणाले.

"जी," ती म्हणाली. डोळे मिटलेले होते. "आणखी एक डाव घ्या."