ओनरशिपचं कॉलेज

२०२४ साली मी एकोणऐंशी वर्षांचा होतो आणि जपानात, तोक्योतल्या हिगाशी-कसाईला मुलाच्या घरी राहत होतो. शिक्षण चौथी. पाचवीत नाव घातलं होतं, पण पाचवीचं आणि माझं पटलं नाही. पुढं हडपसरला पिठाची गिरणी काढली आणि जन्मभर चालवली. माणसं मालक म्हणायची. त्यामुळं शिकलेल्या माणसांपुढं दबून राहायची सवय मला लागली नाही, आणि ते बरंच झालं, कारण या घरात मी सोडून सगळेच शिकलेले. मुलगा कॉम्प्युटरवाला, सून निहोम्बाशीला ऑफिसात, आणि एकुलती एक नात बारावीला.

नातीनं मनात एकच धरलं होतं. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात जायचं, आणि तेही नुसत्या विद्यापीठात नाही, त्याच्या आतल्या ऑनर्स कॉलेजात. सगळा हिवाळा घरात दुसरा विषय नव्हता. आमटीत मीठ कमी पडलं तरी कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

आता मी ते ऐकलं ‘ओनर्स’ असं. ओनर म्हणजे मालक, एवढं इंग्रजी मला येतं. आमच्याकडं ओनरशिपचा फ्लॅट म्हणतात तसलंच काहीतरी. म्हटलं, मालकांच्या पोरांचं वेगळं कॉलेज असणार. आधी बरं वाटलं. गिरणीचा का होईना, मी मालक होतो, तेव्हा नातीचा हक्क पोचतो. मग शंका आली. सरकारी जागेत ओनरशिप कशी मिळेल?

ग्योतोकूला लेकीकडं राहणारे एक निवृत्त तलाठी रविवारी आमच्या बाजूच्या बागेत फिरायला यायचे. त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी बराच विचार केला, नाक शिंकरलं आणि सांगितलं, “भोगवटादार वर्ग दोन असणार. राहता येतं, विकता येत नाही.”

घरी येऊन मी मुलाला बजावलं की कुठं सही करण्याआधी टायटल क्लिअर आहे का बघून घे. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. नात मात्र उशीत तोंड घालून हसत होती. आणि पोरगी अशी बेरकी की तिनं माझी चूक सुधारली नाहीच. आठवडाभर मला विचारत राहिली, “आबा, कॉलेजचा सातबारा कुणाच्या नावावर करायचा?” मी म्हणायचो, माझ्या, घरात थोरला मी आहे.

शेवटी सुनेला माझी दया आली. तिनं समजावलं की हे ओनर नाही, ऑनर, म्हणजे मान. विद्यापीठ अफाट मोठं, त्यात हजारो पोरं. त्यातली थोडी निवडून काढतात, त्यांचे वर्ग लहान, प्रोफेसर नावानिशी ओळखतात. “मानाचे गणपती असतात ना, आबा, तसं. मिरवणूक सगळ्यांची, पण हे पुढं.” हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर तलाठ्यांपुढं माझी शोभा झाली नसती. मी म्हणालो, मला माहीतच होतं, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो.

तिथं नुसते मार्क चालत नाहीत. निबंध लिहून द्यावे लागतात, तू कोण, तुला काय आवडतं, तू पडलीस तर कशी उठतेस. मी म्हटलं, मार्क पाहिले ना, मग आता हे काय, मुलगी बघायचा कार्यक्रम? तर पुढं खरोखरच तसा निघाला. कॉम्प्युटरवर मुलाखत. अमेरिकेत संध्याकाळ, आमच्याकडं सकाळ. सुनेनं कुकर लावायला बंदी केली, मला गुळण्या करायला बंदी केली. मी निमूट बसलो होतो, पण म्हटलं, लांबून माणसं आलीत आणि घरातलं मोठं माणूस पुढं आलं नाही, असं व्हायला नको. टोपी घातली, मागून गेलो आणि पडद्याकडं हात जोडून नमस्कार केला. पलीकडच्या बाईंनीही हात हलवला. नातीचे कान लाल झाले. नंतर तिनं दोन दिवस माझ्याशी जपानीतच बोलून सूड घेतला.

मार्चअखेरीला दोन्हीकडून होकार आले. दोन्हीकडून म्हणजे, अमेरिकेतलं मानाचं कॉलेज, आणि इथलं तोक्योतलं एक सरकारी विद्यापीठ, जिथं मुलानं सांगितलं म्हणून तिनं अर्ज करून ठेवला होता. ते घरून तोझाई लाइनच्या लोकलनं रोज जाण्यासारखं. दोन्ही चांगली. आता उत्तर तिनं द्यायचं, कॉम्प्युटरवर बटण दाबून.

आणि ती देईना. मुलगा म्हणे, तुझी मर्जी. सून म्हणे, तुझी मर्जी. एवढी मर्जी कुणाला झेपते? शेवटची तारीख शनिवारची आली. शुक्रवारी जेवायला बसलो तेव्हा ताटाकडं बघत ती म्हणाली की मी इथलंच घेते. सुनेचा घास हातातच राहिला. का, असं मी विचारलं, तर म्हणाली, असंच. असंच कुणी काही करत नाही. मी खोदत राहिलो तेव्हा बोलली.

“आई-बाबा दिवसभर ऑफिसात. तुमचं कोण बघणार, आबा?”

“मी काय बघण्याची वस्तू आहे?”

“दवाखान्यात बोलायला मी लागते. वॉर्ड ऑफिसात मी लागते. परवा खालच्या कोंबिनी दुकानातून दही म्हणून काय आणलंत?”

“तोफू. मला तोफूच खायचं होतं.”

“साखर घालून?”

“तुला खायची रीत माहीत नाही.”

मुलगा खाली मान घालून हसला. ती हसली नाही. ज्या पोरीनं माझ्या नावावर सातबारा करायचा ठरवला होता, तिचे डोळे भरले होते, आणि कारण कोण, तर मी. जन्मात मी कुणाच्या वाटेत उभा राहिलो नाही, आणि आता नातीच्या राहू? मला राग आला. तिचा नाही, त्या तोफूचा आला म्हणा. मी तिला म्हणालो, “शेवटची वेळ उद्या संध्याकाळची ना? मग संध्याकाळपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.” आणि उठून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला आणि कुणाला न सांगता स्टेशनजवळच्या केशकर्तनालयात गेलो. तिथं मशीनमधून तिकीट घ्यावं लागतं. माझ्या पुढच्या म्हाताऱ्यानं जिथं नोट घातली तिथं मीही घातली, त्यानं दाबलं ते बटण दाबलं. तिकीट आलं. खुर्चीत बसलो. कारागीर तरुण होता, अदबीनं वाकला आणि काहीतरी विचारलं. त्यात मला दोन शब्द स्वच्छ कळले, ‘नान’ आणि ‘मिरी’. इथं भारतीय माणूस दिसला की नान खातोस का, तिखट खातोस का, हे विचारतातच, मला सवय आहे. मी मान हलवून सांगितलं की नान नाही, आमच्यात पोळ्या, आणि मी अजून तीन खातो. तीन बोटं दाखवली. त्यानंही तीन बोटं दाखवली. मी म्हटलं, हाय, म्हणजे इथल्या भाषेत हो. गडी खूश झाला आणि कामाला लागला.

घरी आलो तेव्हा दार नातीनंच उघडलं. माझ्या डोक्याकडं बघत राहिली.

“आबा, एकटे गेलात?”

“मग काय, वरात घेऊन जायची?”

“त्यानं काय विचारलं?”

मी नान आणि मिरीचं सांगितलं, पोळ्यांचं सांगितलं. तीन बोटं दाखवली तशी ती चपलांच्या फळीवर खालीच बसली. हसू आवरेना. नान मिरी म्हणजे केस किती मिलिमीटर ठेवायचे, हे तिनं हसता हसता तीनदा सांगायचा प्रयत्न केला. आतून मुलगा आणि सून आले, तेही भिंतीला धरून हसले.

“मला इतकेच ठेवायचे होते,” मी म्हणालो. “गेलो, तिकीट काढलं, बोललो, परत आलो. कुणी मध्ये लागलं?”

हसू ओसरल्यावर तिनं डोळे पुसले. माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, खरखरीत लागलं असणार. मग आत जाऊन कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसली. अमेरिकेचं पान उघडलेलं होतं.

“आबा, नक्की?”

“केस वाढतात,” मी म्हटलं. “दाब.”

तिनं दाबलं. मी आंघोळीला गेलो, कॉलरमधले केस टोचत होते.