सुईच्या टोकावरचं तेल

घड्याळकाकांचं दुकान जिन्याखाली होतं. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि भिंतीवर पंचवीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. सकाळी आत शिरलेला माणूस दिवेलागणीलाच बाहेर यायचा. चाळीस वर्षांत ऊन त्यांनी फक्त गिऱ्हाइकांच्या अंगावर पाहिलं, असं काकू म्हणायच्या.

पासष्टी ओलांडली आणि हाडं ठणकू लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. आठवड्याला एक, अशा आठ गोळ्या त्यांनी लिहून दिल्या. दोन महिन्यांत काका कठडा न धरता जिना चढू लागले. एवढा गुण आल्यावर त्यांना राहवेना. आठवड्याला एकीनं एवढं होतं, तर रोज एक घेतली तर? जुनीच चिठ्ठी दाखवून ते गोळ्या आणत राहिले. त्यात धाकट्या बहिणीनं कॅल्शियमचा डबा आणून दिला. शक्तीचंच आहे, बाधतंय कशाला, असं तिचं म्हणणं.

तीन महिन्यांत काकांची भूक मेली. तहान मात्र अशी, की टेबलाखालचा तांब्या दुपारीच कोरडा. मळमळ, पोट साफ नाही, सारखं लघवीला उठणं. विचारलं की ते सगळं पित्तावर ढकलायचे. खरी भीती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. पहिल्या कमाईतून काकूंना घेतलेलं मनगटी घड्याळ त्यांनी साफ करायला उघडलं होतं, आणि कुठलं चाक कुठे बसतं तेच आठवेना. सुटे भाग बशीत ठेवले, वर दुसरी बशी पालथी घातली आणि खणात सारली. काकूंनी घड्याळ मागितलं की म्हणायचे, कामाची गर्दी आहे. आपली बुद्धी चालली, आता दुकान बंद करायचं, हे त्यांनी मनाशी धरूनच टाकलं होतं.

एके दिवशी गिऱ्हाइकासमोरच उलटी झाली. काकूंनी त्यांना पुढे घालून दवाखान्यात नेलं. काय काय औषधं घेता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर काका म्हणाले, विशेष काही नाही. काकूंनी दुकानाच्या फळीवरून उचललेली पिशवी टेबलावर ओतली. रिकाम्या पाकिटांचाच ढीग पडला.

रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं निघालं, मूत्रपिंडांवरही ताण आला होता. काकांना दाखल करून सलाइन लावलं. हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी सहज बाहेर पडत नाही, अंगात साठून राहतं, उतरायला कित्येक आठवडे जातात, असं बाईंनी समजावलं.

"आणि माझी बुद्धी?" काकांनी हळूच विचारलं. बशीची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा बाहेर आली.

"बहुतेक यानंच. कॅल्शियम उतरू द्या, मग बघू."

काकू म्हणाल्या, "जन्मभर लोकांना दटावलंत, तेल सुईच्या टोकावर राहील एवढंच घाला, जास्त झालं तर घड्याळ बंद पडेल. आणि स्वतःच्या अंगात बुधला ओतलात."

बऱ्याच दिवसांनी काका हसले.

गोळ्या आणि डबा दोन्ही बंद झाले. बाईंना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, असं ठरलं. रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. दोन महिन्यांनी काकांनी खणातली बशी बाहेर काढली. पहिल्या दिवशी तीनच चाकं बसली. चौथ्या दिवशी घड्याळ चालू लागलं.

काकूंनी ते मनगटाला बांधून रेडिओशी ताडून पाहिलं.

"दोन मिनिटं मागे आहे."

"असू दे," काका भिंग पुसत म्हणाले. "मीही अजून तेवढाच मागे आहे. गाठू दोघं."