तळाला राहिलेलं बी

माझ्या सासूबाई जेवायला बसतात, पण ते बसणं काही खरं नसतं. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच त्यांना म्हशीची आठवण येते, दुसऱ्या घासाला वाळवणाची, आणि तिसरा घास त्या दारात उभ्या राहून खातात. लग्न होऊन मी नांदेडहून उदगीरजवळच्या ह्या गावात आले तेव्हा मला वाटलं, बाईंना माझ्या हातचं गोड लागत नाही. कितीतरी दिवस मी मनात धुमसत होते. मग कळलं की स्वतःच्या हातचंही त्यांना बसून खाता येत नाही. त्यांचं नाव कमलम्मा. मी त्यांना आत्या म्हणते. लोकांच्या पायाला भिंगरी असते, आत्यांच्या दोन्ही पायांना वेगवेगळी आहे.

गेल्या वर्षी भादवा सरता सरता ह्या भिंगऱ्या जरा जास्तच फिरायला लागल्या. कारण होतं ज्वारीचं बी.

ही आत्यांच्या माहेरची ज्वारी, दगडी जातीची. दाणा टपोरा, भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ. देगलूरकडच्या त्यांच्या आईने, दानम्माने, लग्नात ती लुगड्याच्या फडक्यात बांधून दिली होती. तेव्हापासून दर साली आत्या उभ्या पिकातून कणसं निवडतात, हाताने झोडतात आणि राख नि लिंबाचा पाला घालून रांजणात ठेवतात. पुढे आई गेली, भावांनी शेत विकलं. गावात दुसऱ्या कुणाकडे हे बी उरलेलं नाही. "माहेर म्हनून माझ्यापाशी आता एवढंच हाय," असं त्या म्हणतात, आणि ते म्हणताना तरी घटकाभर एका जागी थांबतात.

तर तो रांजण फुटला. माझ्या नवऱ्याने, संगमेश्वरने, लातूरहून घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणून दिला. डबा झकास होता. बी मात्र नीट वाळलेलं नव्हतं, आणि पेरणीच्या तोंडावर उघडून पाहिलं तर आत सोंड्यांनी संसार थाटलेला. सासऱ्यांनी, म्हणजे शिवप्पांनी, डब्यात हात घातला. हाताला पीठ लागलं.

"ह्या बारीला पेरून बघ," अप्पा म्हणाले. "उगवली तर उगवली. न्हाई उगवली तर पुढल्या साली समद्या रानात हरभरा. लई झालं तुझं दगडी-दगडी."

अप्पा रागाने बोलले असते तर आत्या भांडल्या असत्या. ते शांतपणे बोलले, म्हणून त्या घाबरल्या.

सोंड्याने पोखरलेला दाणा वरून धडधाकट दिसतो. एक बारीक भोक, तेही दिसलं तर. सुपाने कितीही पाखडा, पार पोकळ झालेले उडतात, अर्धे खाल्लेले चांगल्यांत मिसळून राहतात. आत्यांनी पाखडलं, पुन्हा पाखडलं, उन्हात नेऊन निवडलं, सावलीत आणून निवडलं. मला तर त्यांच्याकडे बघूनच दम लागायचा.

त्याच आठवड्यात गावात शेतीशाळा झाली. कृषी सहायकाने सोपा उपाय सांगितला. बादलीत पाणी घ्यायचं, त्यात ताजं अंडं सोडायचं. ते तळाला जातं. मग मीठ टाकत ढवळत राहायचं. अंडं वर आलं की मीठ पुरे झालं. त्या पाण्यात बी ओतायचं. तरंगेल ते फेकायचं, तळाला जाईल ते दोनदा साध्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून पेरायचं.

अंडं हा शब्द ऐकताच आत्या उठून उभ्या राहिल्या आणि घरी आल्या.

आमच्या घरी अप्पांच्या गळ्यात लिंग आहे, पहाटेची पूजा एक दिवस चुकत नाही. शेजारी कुणी आमलेट केलं तर आमच्या खिडक्या लागतात. अशा घरात अंडं!

"मीठ मोजूनच टाकू की," मी म्हटलं.

"आपलं बोरचं पानी आधीच मचूळ. त्यात किती मीठ हाय ते कुनी मोजलंय?"

मी बी.कॉम. झालेय, मिठाचा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता.

दुकानातून आणणं शक्यच नव्हतं. कमलम्माने अंडं नेलं ही बातमी अंड्याच्या आधी घरी पोचली असती. राहिल्या पंचशीलाबाई. मागच्या गल्लीत राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात, दारात कोंबड्या आहेत. बचत गटात दोघी किती वर्षं सोबत आहेत. पण आत्या त्यांच्याकडे गेल्या की ओसरीच्या पायरीपर्यंतच. चहा म्हटलं की, "न्हाई बाई, लई घाई हाय." ती घाई कितपत खरी होती हे दोघींना ठाऊक होतं, आणि आत्यांचा स्वभावच असा धावरा असल्यामुळे कुणाला काही बोलावं लागत नव्हतं. मला त्या घाईचा राग यायचा. पण नवी सून होते, गिळून टाकला.

आणि मग अंडं आपणहून चालत आलं. गोठ्यात कडब्याची पेंढी ओढताना खालच्या भुशात ते पडलेलं होतं. बाईंची एखादी कोंबडी येऊन घालून गेली असणार.

"देवानंच धाडलं गं दामिनी," आत्या म्हणाल्या. पळसाच्या पानात धरून, हात लांब करून, त्यांनी ते गोठ्यामागे नेलं.

भाड्याने सांगितलेला व्यंकटीचा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी पेरणीला येणार होता. रानात वाफसा होता, पेरणीजोगी ओल, तो दोन दिवसांवर टिकणार नव्हता. अप्पा सकाळीच उदगीरला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, गेले आणि आम्ही बादली काढली.

आत्यांनी डोळे मिटून अंडं पाण्यात सोडलं. ते वरच राहिलं. मस्त तरंगत होतं, अर्धं पाण्याच्या वर.

"अगं, मीठ लागलंच न्हाई! म्या म्हनलं नव्हतं? आपलं पानीच जड हाय."

मलाही ते पटलं. आमच्या दोघींच्या सात पिढ्यांत कुणी अंडं हातात धरलेलं नाही, आम्हाला त्याच्यातलं काय कळणार?

बी ओतलं. मूठभर दाणे वर आले, बाकी सगळं तळाला. आत्यांचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं. बी काढून धुतलं, फडक्यावर पसरलं. पण घरात येऊन त्या पाच मिनिटं थांबल्या असतील. पुन्हा गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. शेवटी मी मागे जाऊन पाहिलं तर फडक्याशी उभ्या राहून एकेक दाणा दाताखाली धरत होत्या.

"हे बघ. पीठ झालं. हेबी. बुडालेलं बी पोकळ कसं गं?"

त्यांनी फडक्याची चार टोकं धरून गाठोडं बांधलं, दुसऱ्या हातात पानातलं अंडं घेतलं आणि चालू लागल्या. भर दिवसा, गल्लीतून, सगळ्यांच्या देखत. मी मागे धावले.

रविवार होता, पंचशीलाबाई घरीच होत्या. आत्यांनी पायरीवर उभं राहून सगळं एका दमात सांगितलं. बाईंनी फक्त विचारलं, "कमलाक्का, अंडं कुठलं हे?"

"गोठ्यात घावलं. कडब्याखाली."

बाई हसू दाबत परसात गेल्या, खड्डा केला आणि अंडं आत फोडलं. असा वास सुटला की आत्यांनी पदर नाकाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

"बाई गं! हे खातेत लोकं?"

"हे न्हाई खात," बाई आता मोकळ्या हसत सुटल्या. "हे महिनाभर पडून असंल. अंडं जुनं झालं की आतलं पाणी कवचातून उडून जातं अन् तिथं हवा भरते. आकार तेवढाच, वजन कमी. असलं अंडं कुठल्याबी पाण्यात तरंगतंय. पाणी जड नव्हतं तुमचं, अंडं हलकं होतं."

आत्या पदराआडून बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "म्हंजी मापटंभर ज्वारी अन् मापटंभर लाह्या. मापटं तेच, तागडीत फरक."

"अगदी तेच. किती मोठं हाय ते बघायचं न्हाई, तेवढ्याच जागेत किती भरलंय ते बघायचं."

"अन् मीठ कामून टाकायचं?"

"मिठानं पाण्याचंच मापटं जड होतंय. साध्या पाण्यात अर्धा पोखरलेला दाणाबी बुडतो. जड पाण्यात तो वर येतो, भरलेला तेवढा खाली राहतो."

"मग आत्ताच करू. आना अंडं."

"आत्ता न्हाई. बी पाणी पिलंय, पोकळ दाण्यात पाणी शिरलंय. आता तोबी जड. आधी वाळू द्या."

वाळायला दुपार जाणार होती. गाठोडं सोडून बी बाईंच्या अंगणात पसरलं. सोडून जाता येईना, चारी बाजूंनी कोंबड्या होत्या. आत्या अंगणात येरझाऱ्या घालायला लागल्या. दाणे उलथायच्या, ऊन बघायच्या, रस्त्याकडे बघायच्या. अप्पा चारच्या गाडीने येणार होते.

बाईंनी आतून विचारलं, "चहा टाकू का, कमलाक्का? का आज पण घाई हाय?"

विचारलं साधंच. पण आत्या थबकल्या. घाई तर नव्हती. वाळेपर्यंत काही म्हणजे काही करायचं नव्हतं, आणि ते तिघींनाही दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम कोंबड्या हाकलायला लागले.

"टाका," आत्या म्हणाल्या. पायरी चढून ओसरी ओलांडून त्या आत गेल्या आणि चुलीपाशी उभ्यानेच, कपाला फुंकर न मारता, चहा पिऊन बाहेर आल्या. जीभ भाजली असणार. चांगलं झालं, असं मला वाटलं. आणि लगेच डोळेही भरून आले.

ऊन कललं तेव्हा बादली भरली. कोंबडीने त्याच सकाळी घातलेलं अंडं बाईंनी स्वतःच सोडलं. ते सरळ तळाशी गेलं आणि आडवं पडलं. आत्यांनी मूठभर मीठ टाकलं, ढवळलं. काही नाही. आणखी टाकलं. घरातलं मीठ संपलं तसं बाईंनी जाड मिठाची पिशवी आणली. बऱ्याच वेळाने अंड्याचं एक टोक उचललं गेलं. ते उभं राहिलं, तळापाशीच डोलत राहिलं. आणखी दोन मुठी, आणि अंडं हळूच वर आलं. रुपयाएवढा पांढरा ठिपका पाण्याबाहेर दिसायला लागला.

आत्यांनी बी ओतलं.

पाणी दिसेनासं झालं. सगळीकडे ज्वारीचा थर. वरचा थर चाळणीने काढत गेलो, तो संपेचना. "एवढं? एवढं सगळं?" आत्या म्हणत होत्या. सकाळी ह्याच दाण्यांना त्यांनी चांगलं म्हटलं होतं. हेच उद्या मातीत गेलं असतं.

फाटकाशी चप्पल वाजली. अप्पा उभे होते. घरात कुणी नाही बघून विचारत विचारत आले असणार. त्यांनी बादली पाहिली, बादलीतलं अंडं पाहिलं, कोपरापर्यंत हात बुडवून बसलेली बायको पाहिली.

"माझ्या आईचं बी हाय," आत्या म्हणाल्या. आवाज चढला होता. "तुमाला काय म्हनायचं ते उद्या म्हना."

अप्पा वळले आणि गेले. घरी जाऊन त्यांनी पुन्हा आंघोळ केली आणि रात्री नुसतं दूध घेतलं.

तळाला राहिलं ते साध्या पाण्यात धुऊन घेतलं, तर सूपभरच होतं. तेवढ्यात रान पेरून होणार नव्हतं, म्हणून सकाळी व्यंकटीने सगळ्या रानात हरभरा पेरला. बांधाच्या कडेची एक पट्टी मात्र अप्पांनी त्याला सोडायला लावली होती, का ते सांगितलं नाही. त्या पट्टीत आत्यांनी हाताने बी टोकलं. पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. त्या पहाटे रानात, दुपारी रानात, संध्याकाळी पुन्हा रानात. एका सकाळी परत आल्या त्या दारातच म्हणाल्या, "आलं गं. एकबी तास तुटलं न्हाई, वळीच्या वळी उगवल्यात." आणि तशाच म्हशीकडे गेल्या, कारण रडताना त्यांना कुणी पाहिलेलं चालत नाही.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे येळवस असते. सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, उभी केली, आत पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडले, आंबील, सगळ्या भाज्या-शेंगांची पातळसर भज्जी, बाजरीचे उंडे सगळं झालं. पंचशीलाबाईंना आत्यांनी स्वतः जाऊन बोलावून आणलं होतं. पंगत बसली. आत्या आंबिलीचं भांडं घेऊन उभ्या, नेहमीप्रमाणे.

अप्पा जेवायला बसायच्या आधी पट्टीकडे गेले. ज्वारी त्यांच्या छातीला लागत होती, कणसं नुकती भरायला लागलेली. त्यांनी एक दाणा नखाने दाबला. पांढरं दूध आलं. बोट धोतराला पुसत ते परत आले, पंगतीत बसले आणि ताटाकडे बघत म्हणाले,

"पुढल्या साली दोन पट्ट्या सोडू. अन् अंडं बाईंकडूनच घ्या. ताजं बघून."

आत्यांनी भांडं माझ्या हातात दिलं.

"सरका जरा," त्या पंचशीलाबाईंना म्हणाल्या आणि त्यांना खेटून मांडी घालून बसल्या. भाकरी मोडली, भज्जीत बुडवली. बांधावर म्हैस ओरडली, मग पुन्हा ओरडली. आत्या जेवत राहिल्या.